कर्करोगाचे उपचार चालू असताना एकमेकांच्या सोबतीसाठी मराठवाड्यात रुग्णांनी कुठे आणि कसे जमावे?

गोदाकाठ (परभणी जिल्हा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया झाली असून सध्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात शेक (रेडिएशन) चालू आहे. पुढे काही वर्षे हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. उपचारांबद्दल माझी काहीच तक्रार नाही आणि औषधांविषयी विचारण्यासाठी मी हे लिहीतही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या आजारातून जाणाऱ्या माणसांना एकमेकांशी नियमितपणे बोलता यावे, एकमेकांना धरून राहता यावे, अशी काही सोय आपल्या भागात आहे का, आणि नसल्यास ती आपण कशी उभी करावी?

हे विचारण्याची वेळ का आली, ते थोडे सविस्तर सांगते. आमच्या घरात आजाराचे नाव कोणी काढत नाही. सासूबाई मनाच्या वाईट नाहीत. केमोच्या दिवसांत अन्न पाहिले तरी मळमळायचे तेव्हा त्यांनीच मला दोन-दोन घास भरवले आहेत. पण मुलगी लग्नाची आहे आणि बाहेर बोभाटा झाला तर आलेली स्थळे परत जातील, ही धास्ती त्यांना झोपू देत नाही. त्यामुळे गल्लीत आणि शाळेत मणक्याचा आजार म्हणून सांगितले आहे. ज्यांना खरे कळले आहे त्यांच्यात मला पाहताच डोळ्यांना पदर लावणारे आहेत, तसे समोर बसून आपल्या नात्यातले कोण कसे गेले ते सांगणारेही आहेत. एखाद्या वैदूचा पत्ता तर जवळपास प्रत्येकजण देतो. यजमान दरवेळी सोबत येतात, रांगेत उभे राहतात, रिपोर्टची फाइल जिवापाड सांभाळतात, पण घरी आल्यावर या विषयावर एक शब्द बोलत नाहीत.

मोकळेपणाने बोलणे झाले ते एकाच ठिकाणी, डे-केअर वॉर्डात. माझ्या शेजारच्या खाटेवर जालन्याकडची एक बाई असे. कापूस वेचणीला जाणारी, वयाने माझ्याहून लहान, पण उपचारांत माझ्या बरीच पुढे. तिचे केमो संपले होते आणि दर तीन आठवड्यांनी घ्यायचे दुसरे इंजेक्शन तेवढे चालू होते. एके दिवशी सलाईन चालू असताना तिने डोक्याचा रुमाल सोडला, माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बघा बाई, आलेत का नाही?" ते नवे, मऊ, बारीक केस माझ्या तळव्याला लागले. केस परत येतात हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, पण मला ते पटले त्या दिवशी. शस्त्रक्रियेनंतर पुढून उघडणारे सैल ब्लाउज लागतात, जखमेतले पाणी काढणाऱ्या नळीची बाटली ठेवायला जुन्या साडीची छोटी झोळी शिवून गळ्यात अडकवावी, झोपताना काखेखाली मऊ उशी घ्यावी, हे सगळे मला तिनेच शिकवले. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. आमच्या तारखा वेगळ्या पडल्यापासून गाठ पडलेली नाही.

एका व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणीतरी माझा नंबर घातला होता. तिथे दिवसभर सुविचार येतात आणि आठ दिवसांत गाठ विरघळवणाऱ्या काढ्यांच्या चित्रफिती येतात. कोणी कोणाला काही विचारत नाही. मला सहानुभूती नको आहे. मला शेजारच्या खाटेवरची ती बाई हवी आहे, आणि माझ्यानंतर आलेल्या कोणासाठी तशी बाई होता आले तर तेही हवे आहे. पण गाव लहान आहे, घरच्यांचा गुप्ततेचा आग्रह आहे आणि आजारी माणसांनीच एकत्र बसल्याने मन आणखी खचेल, असे यजमानांचे मत आहे. ज्यांनी हे केले आहे किंवा पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

मांजराकाठ (लातूर) यांचे उत्तर

ताई, नमस्कार. मी लातूरचा असून बी-बियाण्यांचे दुकान चालवतो. मला गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग झाला होता. मुंबईला टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, छातीचे मांस घेऊन गाल बांधला आणि नंतर शेक घेतला. माझे बोलणे अजूनही नव्या माणसाला नीट कळत नाही, म्हणून लिहिणे मला सोपे जाते आणि म्हणून थोडे लांबेल.

टाटाला जाणारे मराठवाड्यातले कितीतरी रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. मीही तिथेच होतो. रुग्णालयातून परतलेली माणसे संध्याकाळी एकत्र बसत, आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो इथपासून रात्री तोंडाची आग होते तेव्हा काय करावे इथपर्यंत सगळे बोलणे होई. समोरचा माणूस बिहारचा आहे की बंगालचा, याने काही अडत नसे. गावी परतलो तेव्हा घरची माणसे होती, दुकान होते, देवदर्शनाला नेणारे मित्र होते, पण ती संध्याकाळची बैठक नव्हती, आणि तिचे नसणे मला फार जड गेले.

पुढे फेरतपासणीच्या रांगेत आपल्याच जिल्ह्यातले दोघे भेटले. आम्ही तिघांनी ठरवले की महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी माझ्या घरी बसायचे. कोणती संस्था नाही, पावती नाही, फलक तर मुळीच नाही. बाहेरच्याला वाटावे की दुकानाचे लोक हिशेबाला जमले आहेत. तुमचा गुप्ततेचा प्रश्न आम्हालाही होता आणि त्यावर हाच उपाय आम्हाला लागू पडला.

तिथे आम्ही काय करतो, ते सांगतो. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि शेकानंतर जबडा आखडत जातो. त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू एकेक वाढवायची, हा व्यायाम असतो. घरी एकट्याने तो करायचा कंटाळा येतो, दुखते म्हणून माणूस सोडून देतो. चारजण समोरासमोर बसून करू लागले की सोडवत नाही. औशाकडचे एक शेतकरी आमच्यात येतात. त्यांना काही महिने नाकातून नळी होती. घरी सगळ्यांची जेवणे उरकल्यावर ते आतल्या खोलीत दार लावून नळीतून पातळ आहार घेत, कारण नातवंडे घाबरतात असे त्यांच्या मनाने घेतले होते. आमच्याकडे त्यांनी पहिल्यांदा चारचौघांत बसून सिरिंजने पेज घेतली. आम्ही आपापला चहा निववत बोलत राहिलो, कोणी मान वळवून पाहिले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनीच सांगितले की आता ते घरीही पंक्तीत बसतात.

तंबाखू सुटलेली टिकवायलाही बैठकीचा उपयोग होतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुडी मिळायची थांबलेली नाही आणि तलफ काही बंदी पाळत नाही. रात्री तलफ आली तर आम्ही एकमेकांना फोन करतो. आपले ऐकणारा माणूस याच वाटेने गेलेला आहे, हे ठाऊक असले की लपवावेसे वाटत नाही.

व्यवहाराच्या गोष्टीही आम्ही एकमेकांना सांगतो, कारण पुष्कळांना त्या माहीत नसतात. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसी डब्यात पूर्ण भाडे माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पहिले पाऊल त्याच्या टेबलाकडे टाकावे. तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळू शकते, कारण निकषांत बसणाऱ्या कर्करुग्णांचा तीत समावेश आहे. एकाने एकदा हेलपाटे घातले की पुढच्याला ते घालावे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. आमच्या बैठकीत बायका येईनात. बोलावले तरी उंबऱ्यावरून परत जात. शेवटी आमच्या घरच्या मंडळींनी आत वेगळी बैठक मांडली, तेव्हा त्या येऊ लागल्या. त्यांचे बोलणे आमच्या कानावर येत नाही आणि येऊही नये. म्हणून तुम्ही सुरुवात बायकांपासूनच करा. दोघी असल्या तरी पुरे. यजमानांना माझ्याशी बोलायचे असेल तर मी केव्हाही तयार आहे.

वैद्यकीय समाजसेविका (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

गोदाकाठ ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देते. मुंबईत अशा कामाची परंपरा जुनी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून आणि व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून रुग्णांसाठी काम करत आहेत. व्ही केअरच्या कामात तर स्वतः कर्करोगातून गेलेल्या माणसांनी नव्या रुग्णांशी बोलणे, हाच मोठा भाग आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण फ्रेंड्स ऑफ मॅक्स या गटाच्या निमित्ताने वेगवेगळ्या शहरांत एकत्र येतात. आपल्याकडे संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले आणि लातूर, नांदेडलाही उपचार होऊ लागले, त्यामुळे पूर्वी ज्याला मुंबईलाच जावे लागे असा पुष्कळ रुग्णवर्ग आता घराजवळ उपचार घेतो. रुग्ण घराजवळ आले, पण दादरच्या धर्मशाळेत आपोआप जुळणारी सोबत मात्र त्यांच्यामागे आली नाही, कारण इथे बहुतेकजण सकाळच्या एसटीने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. मांजराकाठ काकांनी जे उभे केले आहे, त्याची गरज मला रोज दिसते.

सुरुवात कुठून करावी? शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. त्यांच्याकडे जा आणि सांगा की तुमच्यासारखेच उपचार झालेल्या एक-दोन बायकांशी तुम्हाला बोलायचे आहे. रुग्णाचा फोन नंबर आम्ही कोणालाही देत नाही, देऊही शकत नाही. पण तुमचा निरोप समोरच्या बाईला सांगून तिची तयारी असेल तर ओळख करून देता येते. जालन्याकडच्या त्या बाईंपर्यंतही निरोप असाच पोहोचू शकेल. त्या दर तीन आठवड्यांनी येत असतील तर वॉर्डातल्या सिस्टर त्यांना नक्की ओळखत असतील.

यजमानांच्या शंकेबद्दल. अमेरिकेत १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ज्या स्त्रिया नियमित गटात बसत, त्या अधिक काळ जगल्या, असे त्यात दिसले आणि त्याचा फार गाजावाजा झाला. पुढे २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मात्र गटात बसणाऱ्या स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला, वेदनाही त्यांना कमी जाणवल्या, आणि ज्या मुळात जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. म्हणून मी रुग्णांना सांगते की गटाकडून आजार बरा होण्याची अपेक्षा ठेवू नका, ते काम औषधांचे आहे. पण आजार अंगावर वागवणे गटामुळे सुसह्य होते आणि मन खचेल ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही.

"आपल्याकडच्या बायका असल्या विषयावर बोलणार नाहीत" असे मला अनेकदा ऐकवले जाते. त्यावर मी धाराशिवचे उदाहरण देते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी यावरचा जगातला एक फार महत्त्वाचा अभ्यास धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा रुग्णालय त्यात होते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची, म्हणजे एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे त्यातून जगाला कळले. ज्या विषयाचा घरातही उच्चार होत नाही त्यासाठी आपल्याच खेड्यांतल्या हजारो बायका तपासणीच्या टेबलापर्यंत आल्या. नीट समजावून सांगणारे, विश्वासाचे माणूस भेटले तर लाज आड येत नाही.

आता थोडे गटाच्या शिस्तीविषयी, कारण शिस्तीअभावी चांगले गट मोडताना मी पाहिले आहेत. आपल्याला कोणते औषध लागू पडले ते दुसऱ्याला घ्यायला सांगायचे नाही. दोघींचा आजार एकाच अवयवाचा असला तरी त्याची जात आणि टप्पा वेगळा असू शकतो. केमोनंतर ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर गटात विचारत बसू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो. बैठकीत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, अगदी स्वतःच्या नवऱ्याजवळही नाही. छायाचित्र काढायचे नाही. फोनवरच्या गटाला आजाराचे नाव देऊ नका, कारण पडद्यावर ते घरात कोणीही वाचते. जिला नुसते बसून राहायचे आहे तिला बसू द्यावे. आणि गटातले कोणी गेले तर ते लपवू नये. हे सर्वांत अवघड असते, पण एखादी खुर्ची कारण न सांगता रिकामी राहिली की उरलेल्यांच्या मनात जी भीती बसते ती खऱ्या बातमीपेक्षा वाईट असते. जमलेल्यांनी दोन शब्द बोलावेत, रडायचे तर रडावे आणि त्या दिवशी दुसरा विषय काढू नये.

झोप पूर्ण उडाली असेल, जेवण तुटले असेल किंवा जगू नये असे वाटत असेल, तर मात्र गट पुरत नाही. अशा वेळी आपल्या डॉक्टरांना सांगावे किंवा १४४१६ या शासनाच्या टेलिमानस (मानसिक आधाराच्या) क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतही बोलता येते.

बालाघाट (बीड जिल्हा) यांचे उत्तर

मी रुग्ण नाही, रुग्णाचा मुलगा आहे. माझे आई-वडील ऊसतोडीला जात. आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, तिला बाहेरून शेक आणि नंतर आतून शेक असे दोन्ही उपचार झाले. समाजसेविका ताईंनी रुग्णांविषयी फार नेमके लिहिले आहे. मी सोबत राहणाऱ्यांविषयी आणि न शिकलेल्या रुग्णांविषयी लिहितो.

माझ्या आईला वाचता येत नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपचा तिला उपयोग शून्य. पण वॉर्डात तिला दोघी मैत्रिणी मिळाल्या, एक गेवराईकडची आणि एक अंबडची. आम्ही मुलांनी ठरवले की दर शनिवारी रात्री आठ वाजता तिन्ही घरचे फोन एकत्र जोडून द्यायचे आणि आपण उठून बाहेर जायचे. त्या काय बोलतात ते मी विचारत नाही. एवढे खरे की शेकानंतर करायचे जे व्यायाम आणि जी काळजी डॉक्टरीणबाईंनी समजावली होती, त्यातले निम्मे आई मला सांगू शकत नव्हती आणि मी तिला विचारू शकत नव्हतो. ते सगळे त्या शनिवारच्या फोनवर निभावले.

आजार निघाला त्या हंगामात मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. कोयता अर्धा पडला, म्हणजे जोडीतले एक माणूस कमी झाले. तेव्हा टोळीतल्या बायकांनी आपसांत ठरवून रोज आमच्या वाटणीच्या मोळ्या बांधल्या आणि गाडीवर चढवल्या. त्यांच्यापैकी कोणीही आईला धीराचे एक वाक्य ऐकवले नाही. पण उपचारांच्या काळात आईच्या डोक्यावर उचल फिटली की नाही ही काळजी राहिली नाही. हे लिहिण्याचे कारण असे की आजारी माणसांनी आजारी माणसांशी बोलावे हे योग्यच, पण ज्यांच्यासोबत आपण रोज राबतो ती माणसेही मोठी सोबत करतात, आणि त्यासाठी त्यांना खरा आजार माहीत असावा लागतो. मणक्याचा आजार म्हणून सांगितले असते तर टोळीने कदाचित आठ दिवस सांभाळले असते, पूर्ण हंगाम नाही. ताई, तुमच्या सासूबाईंची काळजी मला समजते. तरी शाळेतल्या विश्वासाच्या एकीला तरी खरे सांगून पाहा.

आणि तुमच्या यजमानांविषयी. फाइल सांभाळणारा माणूस बोलत नाही याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा नाही. रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी अनेक नवऱ्यांना आणि मुलांना बोलताना ऐकले आहे. घरी गप्प असणारी माणसे तिथे अनोळखी माणसाजवळ मन मोकळे करतात, कारण घरी आपण डळमळलो तर सगळेच डळमळतील असे त्यांना वाटते. त्यांची बैठक वेगळी असावी, एवढेच मी सुचवीन. रुग्णासमोर ते बोलणार नाहीत.

आसनेकाठ (नांदेड) यांचे उत्तर

मी हे दोनदा लिहून पुसले, पण लिहिणे आवश्यक वाटते. माझा कर्करोग हाडांमध्ये आणि फुफ्फुसात पसरलेला आहे. माझे उपचार संपणार नाहीत. एक औषध लागू पडेनासे झाले की दुसरे, असे चालत राहील. मी काही काळ एका गटात जात होते. तिथली माणसे प्रेमळ होती. पण प्रत्येक बैठकीत कोणाचे तरी उपचार संपल्याचे पेढे असत, आणि कर्करोगाला हरवलेच पाहिजे, मनात आणले तर काहीही होते, असे बोलले जाई. मग ज्यांचा आजार मनात आणूनही जात नाही त्यांनी काय समजायचे? त्यांचे मन कमी पडले? मी हळूहळू जाणे सोडले, आणि माझ्या जाण्याने तिथे थोडे हायसे वाटले असावे असेही मला जाणवले, कारण मी समोर असले की त्यांना त्यांचीच भीती दिसत असे.

त्यांच्याविषयी माझ्या मनात कटुता नाही. पेढे वाटावेतच. पण गोदाकाठ ताई, तुम्ही नवा गट बांधणार असाल तर माझ्यासारख्यांसाठी त्यात जागा ठेवा किंवा निदान आमची बैठक वेगळी असेल याची सोय करा. समाजसेविका ताईंनी टप्प्याविषयी लिहिले आहे ते औषधांपुरते आहे. बोलण्यालाही ते तितकेच लागू आहे. मला केस कधी येतील हे विचारायचे नसते. मला विचारायचे असते की मुलाला किती सांगावे, शेताची वाटणी आत्ताच करावी का, वेदना वाढल्या तर घरी राहता येईल का.

या शेवटच्या प्रश्नाविषयी एक माहिती सर्वांना असावी. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मरण जवळ आल्यावरची सेवा, असा समज आहे. तसे नाही. वेदना, धाप, मळमळ आणि मनाची घालमेल यांवरचे हे उपचार मूळ उपचारांबरोबरच घेता येतात आणि लवकर सुरू केले तर अधिक उपयोगी पडतात. मॉर्फिनच्या गोळ्यांना लोक घाबरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होतो ही भीती अनाठायी आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी ते मिळण्यातले परवान्यांचे अडथळेही कमी केले गेले. मला ते चालू आहे, आणि त्यामुळेच मी बसून एवढे लिहू शकले.

माझी आता एकच मैत्रीण आहे, हिंगोलीची, माझ्यासारख्याच आजाराची. आम्ही एकदाही भेटलेलो नाही. आम्ही फोनवर बोलतो आणि कधीकधी एकमेकींचा आवाज न ऐकता नुसता फोन चालू ठेवून भाजी निवडतो. गट म्हणून आम्हाला तेवढे पुरते.

मांजराकाठ (लातूर) यांचे उत्तर

आसनेकाठ ताई, आमच्या बैठकीतही पेढे असतात आणि "हरवले" हा शब्दही असतो. ज्याला तंबाखू सोडायची आहे त्याला तो शब्द कामाचा पडतो, म्हणून मी तो पूर्ण टाकायला सांगणार नाही. पण आमच्यातल्या दोघांचा आजार उलटला आणि त्यांचे येणे कमी होत गेले, त्याचा अर्थ तुमच्यामुळे कळला. त्यांच्या घरी या आठवड्यात जाऊन येतो.

गोदाकाठ यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. यजमानांना मी ही सगळी उत्तरे वाचायला दिली. ते वाचून ते बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी मांजराकाठ काकांशी बोलायचे आहे एवढेच सांगितले. बालाघाट भाऊंच्या सांगण्याप्रमाणे शाळेतल्या एका बाईंना मी खरे सांगितले आहे. त्यांनी माझे शेवटचे दोन तास स्वतःकडे घेतले आहेत आणि बाहेर कुठे वाच्यता केलेली नाही. सासूबाईंशी मात्र अजून बोलणे झालेले नाही. मुलीचे आणि माझे आधी व्हावे असे वाटते, कारण लपवण्याचे ओझे तिच्यावरही आहे.

पुढच्या आठवड्यात शेकासाठी जाईन तेव्हा समाजसेवा अधीक्षकांना भेटून जालन्याकडच्या त्या बाईंसाठी निरोप ठेवणार आहे. त्या तयार असतील तर सुरुवात आम्ही दोघी करू. जालना, परभणी, हिंगोली या तिन्हीकडून रेल्वेने सकाळी येऊन संध्याकाळी परतता येईल म्हणून परभणी सोयीचे वाटते, पण सभागृह नको, कोणाचे तरी घर हवे. पहिली बैठक फक्त बायकांची आणि त्याच वेळी सोबत आलेल्या पुरुषांची दुसऱ्या ठिकाणी, असे ठरवत आहे. आसनेकाठ ताई, तुम्हाला आणि तुमच्या मैत्रिणीला प्रवास झेपणार नसेल तर आम्ही दर बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्हा दोघींना फोन करू आणि तो वेळ फक्त तुमच्या विषयांसाठी ठेवू. तुम्हाला तसे चालेल का ते कळवा.

परभणीत स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, जिना नसलेली आणि दुपारी तीन-चार तास मोकळी असलेली खोली कोणाकडे असेल तर त्यांनी इथे लिहावे. केमो चालू असलेल्या बायका येतील, म्हणून संडास खोलीला लागून असावा आणि घरात त्या दिवशी कोणाला सर्दी-ताप नसावा, एवढी अट आहे.